काट्याने काटा : यीस्टचा साबण आणि जंतूंची तटबंदी

उन्हाळ्याच्या दिवसांत माठ धुण्याचे काम ज्यांनी केले आहे, त्यांना एक गोष्ट पक्की ठाऊक असते. माठ नुसता विसळून भागत नाही. चार तांबे पाणी आत फिरवून ओतून दिले, तरी आतल्या भिंतीवरचा बुळबुळीतपणा हाताला लागतोच. तो घालवायचा तर नारळाचा काथ्या घेऊन माठ आतून घासावा लागतो. तीच गोष्ट गच्चीवरील पाण्याच्या टाकीची, मोरीच्या जाळीची आणि फुलदाणीत चार दिवस राहिलेल्या देठांची. सकाळी दात घासण्यापूर्वी जिभेला जाणवणारा चिकट थरही याच कुळातला.

ही बुळबुळ गृहिणीच्या लेखी अस्वच्छता असते. सूक्ष्मजीवशास्त्राच्या लेखी मात्र ती जंतूंची नांदती वस्ती असते. माठात ती झाली तर काथ्या पुरतो. परंतु तीच वस्ती रुग्णाच्या शरीरात बसविलेल्या नळीत अथवा हृदयाच्या कृत्रिम झडपेवर झाली, तर तेथे काथ्या पोहोचत नाही आणि पुष्कळदा औषधाचेही काही चालत नाही. अशा वस्त्या मुळात वसूच नयेत यासाठी जगभर प्रयत्न चालू आहेत. त्यांपैकी एका प्रयत्नाचा नायक आहे यीस्ट, म्हणजेच किण्व. पाव फुगविणाऱ्या यीस्टच्या विस्तृत कुळातील काही जाती साखर आणि तेल यांपासून साबणासारखे एक द्रव्य तयार करतात. या द्रव्याच्या सान्निध्यात अनेक जंतूंना पृष्ठभागावर पाय रोवणे अवघड जाते, असे प्रयोगशाळांतून दिसून आले आहे. सूक्ष्मजीवाने सूक्ष्मजीवाला आवरावे, अशी ही काट्याने काटा काढण्याची रीत आहे.

एकीचे बळ

हॉलंडमधील डेल्फ्ट शहरात अंतोनी व्हान लेव्हेनहूक नावाचे कापडाचे एक व्यापारी होते. स्वतः घासलेल्या भिंगांतून सूक्ष्म सृष्टी न्याहाळण्याचा त्यांना छंद होता. १६८३ साली त्यांनी स्वतःच्या दातांच्या फटीतील पांढरा मळ भिंगाखाली धरला आणि त्यात वळवळणारे असंख्य जीव पाहून लंडनच्या रॉयल सोसायटीला तसे पत्राने कळविले. त्यांच्या त्या काळातील निरीक्षणांत आणखी एक बारकावा आहे. व्हिनेगरने दात धुतले असता मळाच्या बाहेरच्या बाजूचे जीव मरत; आतले मात्र सुखरूप राहत. व्हिनेगर मळाच्या आरपार जातच नव्हते. आज रुग्णालयांना सतावणाऱ्या एका मोठ्या प्रश्नाची ही पहिली नोंद म्हणावी लागेल.

पुढील दोन-अडीच शतके जंतूंचा अभ्यास प्रामुख्याने परीक्षानळीतील रश्शात मोकळे तरंगणारे जंतू घेऊन झाला. निसर्गात मात्र बहुतेक जंतू असे एकेकटे फिरत नाहीत. कॅनडातील शास्त्रज्ञ विल्यम कॉस्टरटन व त्यांच्या सहकाऱ्यांनी डोंगरी ओढ्यांचा अभ्यास केला, तेव्हा वाहत्या पाण्यातील जंतूंपेक्षा दगडांना चिकटून राहिलेल्या जंतूंची संख्या कितीतरी अधिक भरली. १९७८ साली 'सायंटिफिक अमेरिकन' या मासिकातील लेखातून त्यांनी जंतूंच्या या चिकटून राहण्याच्या स्वभावाकडे सर्वांचे लक्ष वेधले. अशा चिकट वस्तीला बायोफिल्म किंवा जैवपटल म्हणतात.

जैवपटल कसे वसते हे पाहण्यासारखे आहे. कोणताही पृष्ठभाग पाण्यात, दुधात वा रक्तात बुडाला की काही क्षणांतच त्यावर प्रथिनांचा व इतर सेंद्रिय द्रव्यांचा अतिसूक्ष्म थर बसतो. त्या थरावर पहिले जंतू टेकतात. प्रारंभी ही पकड सैल असते. पाण्याच्या झोताने ते निघूनही जातात. जे उरतात ते स्वतःभोवती शर्करांच्या लांब साखळ्या, प्रथिने आणि डीएनए यांचा चिकट लगदा स्रवू लागतात. त्या लगद्यात नवे जंतू येऊन मिळतात, जुन्यांची प्रजा वाढते, आणि पाणी व अन्न आत खेळविणाऱ्या बारीक वाटाही तयार होतात. वस्ती भरली की तिच्यातून काही जंतू सुटून दुसऱ्या ठिकाणी नवे ठाणे वसवितात.

या सर्व व्यवहारात जंतू परस्परांशी रासायनिक संकेतांनी 'बोलतात'. प्रत्येक जंतू थोडे संकेतद्रव्य बाहेर सोडतो. वस्ती दाट झाली की द्रव्याचे प्रमाण ठरावीक पातळी ओलांडते आणि सर्व जंतू जणू एकमताने आपले वर्तन बदलतात. इंग्रजीत या प्रक्रियेला 'कोरम सेन्सिंग' म्हणतात. भागधारकांच्या सभेत गणपूर्ती झाल्याखेरीज ठराव संमत होत नाही, तसाच हा प्रकार. फरक इतकाच, की जंतूंच्या सभेत संमत होणारे ठराव यजमानाच्या मुळावर येणारे असू शकतात.

रुग्णशय्येपाशी

शस्त्रक्रियेनंतर घरातील वडीलधाऱ्या व्यक्तीला लघवीची नळी, म्हणजे कॅथेटर, बसविलेली असते. काही दिवसांनी थंडी वाजून ताप येतो. तपासणीत जंतू सापडतात, त्यांच्यावर कोणते प्रतिजैविक लागू पडेल हेही अहवालात स्पष्ट लिहिलेले असते. औषध सुरू होते, ताप उतरतो, घरची मंडळी निःश्वास टाकतात. औषध थांबले की आठवड्याभरात ताप परत हजर! अखेर डॉक्टर नळीच काढून टाकतात, तेव्हा कोठे गाडी रुळावर येते. अहवाल चुकीचा होता काय, औषध बनावट होते काय, असे प्रश्न अशा वेळी नातलगांच्या मनात घोळतात. पुष्कळदा दोन्हीही नसते. अहवालातील चाचणी मोकळ्या जंतूंवर झालेली असते. नळीतील जंतू मात्र जैवपटलाच्या तटबंदीआड असतात.

या तटबंदीचे बळ तिहेरी आहे. चिकट लगद्यातून काही औषधे आत झिरपण्यास वेळ लागतो, हे पहिले. आतल्या थरांत अन्न व प्राणवायू कमी असल्याने तेथील जंतूंची वाढ मंदावते, आणि बहुतेक प्रतिजैविके तर वाढत्या जंतूंवरच प्रभावी ठरतात, हे दुसरे. काही थोडे जंतू जवळजवळ निद्रिस्त अवस्थेत जातात, औषधाचा पूर ओसरेपर्यंत पडून राहतात आणि नंतर वस्ती पुन्हा उभी करतात, हे तिसरे. परिणामी जैवपटलातील जंतू मोकळ्या जंतूंच्या तुलनेत प्रतिजैविकाची हजारपटीपर्यंत अधिक मात्रा सोसू शकतात. एवढी मात्रा रुग्णाला देणे अर्थातच शक्य नसते.

लघवीची नळी शरीरात राहील तितके दिवस, दर दिवसागणिक सुमारे ३ ते ७ टक्के रुग्णांच्या लघवीत नव्याने जंतू आढळू लागतात. शिरेतील नळ्या, कृत्रिम सांधे, हृदयाच्या झडपा आणि नेहमीची दातांची कवळी हीदेखील जंतूंना आवडणारी ठिकाणे होत. औषध पुनःपुन्हा द्यावे लागले की औषधाला न जुमानणारे वाण निपजण्याचा धोका वाढतो. प्रतिजैविकांना दाद न देणाऱ्या जंतूंमुळे २०१९ या एका वर्षात जगभरात सुमारे १२ लाख ७० हजार मृत्यू ओढवले, असा अंदाज २०२२ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. म्हणूनच तट बांधून झाल्यावर तोफा डागण्यापेक्षा तटाची पहिली वीटच बसू न देणे शहाणपणाचे, हा विचार मूळ धरू लागला.

साबणाचे काम

पहिली वीट बसू द्यायची नाही म्हणजे जंतूला टेकू द्यायचे नाही. येथे साबणासारख्या द्रव्यांचा संबंध येतो. या द्रव्यांना पृष्ठक्रियाकारक म्हणतात. त्यांच्या रेणूचे एक टोक पाण्याशी सख्य करणारे, तर दुसरे तेलाशी सख्य करणारे असते. त्यामुळे दोन निरनिराळे पदार्थ जेथे एकमेकांना भिडतात, तेथे हे रेणू जाऊन बसतात आणि त्या सीमेवरील ताण कमी करतात. कपड्यावरचा तेलकट डाग साबणाने सुटतो तो याच गुणामुळे. रिठा आणि शिकेकाई यांचा फेस म्हणजे वनस्पतींनी तयार केलेली अशीच द्रव्ये होत.

सूक्ष्मजीवही अशी द्रव्ये तयार करतात. त्यांना बायोसर्फॅक्टंट म्हणजे जैव-पृष्ठक्रियाकारक असे भारदस्त नाव आहे. येथे सोयीसाठी 'जैवसाबण' म्हणू. जैवसाबण निसर्गात सहज विघटित होतात, आणि ते तयार करण्यास खनिज तेल लागत नाही. जिवाणूंपासून मिळणाऱ्या जैवसाबणांत ऱ्हॅम्नोलिपिड हा विख्यात आहे. परंतु तो निर्माण करणारा मूळ जिवाणू, स्यूडोमोनास एरुजिनोसा, हा स्वतःच रुग्णालयांतील संसर्गांचा एक कुप्रसिद्ध गुन्हेगार आहे. चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या द्याव्यात, तसे हे झाले. यीस्टच्या बाबतीत ही अडचण बव्हंशी नाही. जैवसाबण देणाऱ्या ज्या यीस्टचा उद्योगांत सर्वाधिक वापर होतो, ते माणसाला रोग जडविणारे नाही.

मधातील पाहुणा

या यीस्टची जन्मकथा गोड आहे, अगदी शब्दशः! कॅनडाच्या सॅस्काटून येथील प्रयोगशाळेत गोरिन, स्पेन्सर आणि टुलॉक हे तिघे शास्त्रज्ञ फुलांवर व मधात राहणाऱ्या यीस्टचा अभ्यास करीत होते. १९६१ साली त्यांनी अशा एका यीस्टपासून मिळालेल्या नव्या स्निग्ध पदार्थाचे वर्णन प्रसिद्ध केले. पुढे बंबलबी नावाच्या गुबगुबीत, केसाळ माशीच्या मधातून त्यांनी आणखी एक यीस्ट वेगळे केले आणि १९७० साली त्याची रीतसर नोंद केली. बंबलबीच्या 'बॉम्बस' या शास्त्रीय नावावरून या यीस्टला 'बॉम्बिकोला', म्हणजे बॉम्बसच्या घरी राहणारा, असे नाव मिळाले. आज ते स्टार्मेरेला बॉम्बिकोला म्हणून ओळखले जाते.

ते जो जैवसाबण तयार करते, त्याला सोफोरोलिपिड म्हणतात. ग्लुकोजच्या दोन रेणूंची जोडी, म्हणजे सोफोरोज, हे त्याचे पाण्याकडील टोक. आणि मेदाम्लाची लांब साखळी हे तेलाकडील टोक. ही साखळी कधी मोकळी असते, तर कधी तिचे शेपूट वळून साखरेला जोडले जाते व रेणूचे कडे बनते. मोकळा प्रकार पाण्यात चांगला विरघळतो. कड्याचा प्रकार जंतूंना सहसा अधिक मारक ठरतो. साध्या पाण्याचा पृष्ठताण सुमारे ७२ मिलिन्यूटन प्रति मीटर असतो. सोफोरोलिपिडच्या अल्प मात्रेने तो निम्म्याच्या आसपास उतरतो.

निर्मितीची कृती ऐकताना एखाद्या आंबवण्याच्या पदार्थाचीच आठवण व्हावी. ग्लुकोज, थोडे पोषक क्षार आणि वनस्पती तेल यांच्या मिश्रणात यीस्ट सोडावयाचे, २५ ते ३० अंश सेल्सियस तापमान राखावयाचे आणि भरपूर हवा खेळवीत काही दिवस ढवळत ठेवावयाचे. यीस्टची वाढ मंदावली की जैवसाबण जमू लागतो. पुष्कळदा तो मधासारख्या तपकिरी, दाट थराच्या रूपाने पात्राच्या तळाशी बसतो. इतकी मेहनत यीस्ट का घेते? साखरेने ओथंबलेल्या घरात अन्नाचा साठा इतरांना सहज पचणार नाही अशा रूपात राखून ठेवावा, आणि त्याच साठ्याने शेजारच्या सूक्ष्मजीवांना दूरही ठेवावे, असा यीस्टचा दुहेरी हेतू असावा, असे अभ्यासकांना वाटते. बचत आणि संरक्षण एकाच खात्यात!

वस्ती वसण्याआधी

जैवसाबण जैवपटलाला अनेक वाटांनी अडवितो. पृष्ठभागावर त्याचा थर बसला की त्या पृष्ठभागाचा स्वभाव बदलतो आणि जंतूंची पहिली, सैल पकडच घट्ट होत नाही. जंतूचे बाह्य आवरण स्निग्ध असते. जैवसाबणाचे तेलाकडील टोक त्यात शिरून ते विस्कळीत करते. जैवपटलाचा लगदा आधीच जमला असेल, तर जैवसाबण त्याची वीण सैल करतो. काही जैवसाबण जंतूंच्या गणपूर्तीच्या संकेतांतही व्यत्यय आणतात. आणि तटाला अशी भगदाडे पडली, की सोबत दिलेल्या औषधाला आत शिरता येते.

या साऱ्यास प्रयोगांचा आधार आहे. उत्तर आयर्लंडमधील अल्स्टर विद्यापीठातील इब्राहिम बनात यांच्या गटाने २०१५ साली सोफोरोलिपिडने जैवपटले विस्कटतात असे दाखविले. इटलीतील संशोधकांसह २०२० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात त्यांनी प्रत्यक्ष वैद्यकीय उपकरणांत वापरले जाणारे सिलिकोन घेतले. त्यावर स्टॅफिलोकॉकस ऑरियस, स्यूडोमोनास एरुजिनोसा आणि कँडिडा अल्बिकन्स या तीन उपद्व्यापी सूक्ष्मजीवांच्या जैवपटलांविरुद्ध सोफोरोलिपिडची परीक्षा घेतली आणि ते उपयोगी पडू शकते असा निष्कर्ष काढला.

यीस्टच्या इतर जातीही मागे नाहीत. अंटार्क्टिकातील व्हांडा सरोवरातून प्रथम मिळालेली एक जात मॅनोसिल-एरिथ्रिटॉल लिपिड नावाचा जैवसाबण तयार करते. मक्याच्या कणसावर काणी आणणाऱ्या बुरशीचे हे यीस्ट नातलग. या वर्गातील जैवसाबण स्टॅफिलोकॉकस ऑरियसचे आवरण बिघडवितो व त्याचे जैवपटलही विस्कटतो, असे चिनी संशोधकांनी २०२० साली नोंदविले. ब्राझीलमधील पेर्नाम्बुको राज्यात २०११ साली कँडिडा स्फेरिका या यीस्टपासून 'लुनासान' नावाचा जैवसाबण मिळविण्यात आला आणि त्याचे जंतूंना चिकटू न देण्याचे गुण तपासण्यात आले. त्यासाठी वापरलेला कच्चा माल लक्षात ठेवण्याजोगा आहे : शेंगदाणा तेलाच्या शुद्धीकरणात उरणारा अवशेष आणि मक्यापासून स्टार्च काढताना मिळणारे पाणी.

पाषाण ते चंडीगड

या विषयात भारतीय प्रयोगशाळांनी केलेले काम अभिमान वाटावा असे आहे. पुण्यातील पाषाण येथे १९५० साली सुरू झालेल्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत डॉ. अस्मिता प्रभुणे व त्यांच्या विद्यार्थ्यांनी सोफोरोलिपिडवर अनेक वर्षे संशोधन केले. २०१३ साली त्यांच्या गटाने दाखवून दिले, की टेट्रासायक्लिन आणि सेफॅक्लोर या प्रतिजैविकांच्या जोडीला सोफोरोलिपिड दिल्यास जंतूंची वाढ अधिक परिणामकारकपणे रोखता येते. हा प्रयोग मोकळ्या जंतूंवरचा होता.

पुढच्याच वर्षी, २०१४ साली, या गटातील रुचिरा मुखर्जी व प्रभुणे यांनी जैवपटलाकडे मोर्चा वळविला. आपल्याकडे सुगंधी तेलांचा औषधी उपयोग जुना आहे. परंतु तेल पाण्यात विरघळत नसल्याने त्याचे गुण पूर्णपणे प्रकटत नाहीत. म्हणून त्यांनी नेहमीच्या वनस्पती तेलाऐवजी १२ निरनिराळी सुगंधी तेले यीस्टला खाऊ घातली. २८ अंश तापमानात ७ दिवस ढवळल्यानंतर यीस्टने त्या तेलांपासून जैवसाबण तयार केले. ज्या तेलांच्या अंगी जंतूंचे संकेत बिघडविण्याची शक्ती मुळात नव्हती, त्यांच्यापासून बनलेल्या जैवसाबणांत ती उतरली. पटकीच्या जंतूंचे जैवपटल रोखण्याची क्षमताही त्यांनी प्रयोगांती दाखविली. पटकीने गावेच्या गावे ओस पडल्याच्या आठवणी ज्या प्रदेशाने जपल्या आहेत, तेथे या निष्कर्षाचे मोल वेगळे सांगावयास नको.

चंडीगड येथील सूक्ष्मजीव तंत्रज्ञान संस्थेतील संशोधकांनी २०१६ साली यीस्टविरुद्ध यीस्ट असाच सामना लावला. कँडिडा अल्बिकन्स हेही एक यीस्टच. पण हे कवळीखाली, तोंडात आणि नळ्यांवर जैवपटल रचणारे. ते लांब तंतू काढून पृष्ठभागात रुतून बसते. मधातील यीस्टच्या सोफोरोलिपिडने या कँडिडाचे तंतू वाढू दिले नाहीत, जैवपटल तयार होण्यास अटकाव केला आणि आधीच तयार झालेले जैवपटलही दुबळे केले. तंतू व चिकटपणा यांच्याशी निगडित जनुकांचे कार्य मंदावल्याचेही आढळले. अँफोटेरिसिन-बी आणि फ्लुकोनॅझोल या बुरशीनाशक औषधांसोबत दिले असता परिणाम अधिक चांगला झाला.

मुंबईजवळच्या तेलाने दूषित झालेल्या समुद्राच्या पाण्यातूनही एक उपयुक्त यीस्ट हाती आले आहे. यारोविया लिपोलिटिका या जातीचे हे यीस्ट पुण्यातील औद्योगिक सूक्ष्मजीवांच्या राष्ट्रीय संग्रहात जतन केलेले आहे. डॉ. स्मिता झिंजर्डे आणि १९८३-८४ च्या अंटार्क्टिका मोहिमेत सहभागी झालेल्या डॉ. अदिती पंत यांनी २००२ साली त्याच्यापासून तेल व पाणी एकजीव करणारे द्रव्य मिळाल्याचे नोंदविले. हे काम जैवपटलाविषयी नव्हते. तरीही जैवसाबण देणारी यीस्ट शोधण्यासाठी परदेशीच जावे लागते असे नाही, हे त्यावरून कळते.

जमा आणि नावे

कोणत्याही नव्या उद्योगाप्रमाणे या कल्पनेचाही ताळेबंद मांडून पाहिला पाहिजे.

जमेच्या बाजूला पहिली रक्कम उत्पादनाची. सूक्ष्मजीवांपासून मिळणारी अनेक द्रव्ये लिटरमागे काही ग्रॅमच हाती लागतात. सोफोरोलिपिडचे उत्पादन मात्र दर लिटरला ४०० ग्रॅमहून अधिक मिळाल्याचा प्रयोग १९९८ साली प्रसिद्ध झाला. तो जर्मनीतील असून त्यात चीज तयार करताना उरणारी निवळी आणि मोहरीवर्गीय रेपसीडचे तेल वापरले होते. दुसरी रक्कम कच्च्या मालाची. पुण्याच्या प्रयोगशाळेने २०१३ साली मोगली एरंडाच्या तेलापासून सोफोरोलिपिड तयार करून कपडे धुण्याच्या पावडरीत ते पूरक म्हणून वापरून पाहिले. साखर कारखान्यांतील मळी, तेलगिरण्यांतील अवशेष, दुग्धव्यवसायातील निवळी यांची भारतात वाण नाही. तिसरी रक्कम बाजाराची. जपान आणि युरोपात सोफोरोलिपिड असलेली भांडी व घर धुण्याची द्रव्ये विक्रीस आली आहेत. म्हणजे कारखान्यात ते तयार होऊ शकते व ग्राहक ते घेतो, हे सिद्ध झाले आहे.

नावे बाजूही तितक्याच प्रामाणिकपणे लिहावी लागेल. खनिज तेलापासून बनणाऱ्या साध्या डिटर्जंटच्या तुलनेत जैवसाबण महाग पडतो. हवा खेळविणे, ढवळणे आणि विशेषतः शुद्धीकरण यांवर मोठा खर्च होतो. यीस्टपासून मिळतो तो एकच रेणू नसून अनेक भावंडांचे मिश्रण असते. तेल बदलले की मिश्रण बदलते. औषधनिर्मितीत असे चालत नाही, तेथे प्रत्येक खेप सारखीच हवी. यावर उपाय म्हणून बेल्जियममधील गेन्ट विद्यापीठात यीस्टच्या जनुकांत बदल करून एकाच प्रकारचे सोफोरोलिपिड देणारे वाण तयार करण्यात आले आहेत.

सर्वांत मोठी नोंद मात्र वैद्यकीय आहे. ज्या जिवाणूंना दुहेरी आवरण असते, त्यांच्यावर सोफोरोलिपिडचा प्रभाव तुलनेने कमी पडतो. मात्रा वाढविली तर शरीराच्या पेशींनाही इजा होण्याचा संभव असतो, कारण त्यांचे आवरणही स्निग्धच असते. नळीवर दिलेला थर लघवीच्या वा रक्ताच्या प्रवाहात किती दिवस टिकेल, हा प्रश्न तर फारच कळीचा. वर सांगितलेले प्रयोग काचेच्या अथवा प्लॅस्टिकच्या तबकड्यांत, सिलिकोनच्या तुकड्यांवर झालेले आहेत. तेथून रुग्णाच्या खाटेपर्यंतचा मार्ग प्राण्यांवरील व माणसांवरील चाचण्यांतून जातो. भारतात अशा उपकरणांना २०१७ चे वैद्यकीय उपकरण नियम लागू होतात, आणि ते असावेतच. रुग्णाच्या जिवाशी संबंध असेल तेथे घाईचा व्यवहार तोट्याचा.

म्हणून हा जैवसाबण आधी जेथे जोखीम कमी आहे तेथे येईल, असे मानणे सयुक्तिक ठरते. दुग्धशाळेचे उदाहरण घ्या. दूध वाहून नेणाऱ्या नळ्यांतील जैवपटल काढण्यासाठी तेथे कॉस्टिक सोडा व नायट्रिक आम्ल यांच्या उष्ण द्रावणांनी धुलाई करावी लागते. जैवसाबणाने ही बुळबुळ सुरुवातीसच रोखता आली, तर पाणी, इंधन आणि रसायने या तिन्हींची बचत होऊ शकेल. केंद्रीय मंत्रिमंडळाने ऑगस्ट २०२४ मध्ये 'बायो-ई-३' या नावाने जैवउत्पादनाला चालना देणारे धोरण संमत केले. प्रयोगशाळेतील यीस्टला कारखान्यात आणू पाहणाऱ्या उद्योजकांना अशा धोरणाचा उपयोग व्हावा, ही अपेक्षा वावगी नाही.

तोवर

यीस्टचा साबण लावलेली नळी रुग्णालयात येईल तेव्हा येवो. जैवपटलाचे शास्त्र मात्र आजही घराघरांत उपयोगी पडणारे आहे. लघवीची नळी एक दिवस आधी निघाली तर संसर्गाचा धोका एका दिवसाने घटतो. म्हणून 'नळीची गरज अजून आहे काय?' हा प्रश्न नातलगांनी डॉक्टरांना नम्रपणे विचारण्यात काहीही गैर नाही. नळीला हात लावण्यापूर्वी हात धुणे, कवळी रात्री काढून ब्रशने घासून ठेवणे, पाण्याची टाकी ठरल्या वेळी रिकामी करून घासणे, आणि प्रतिजैविक डॉक्टरांच्या सल्ल्याखेरीज न घेणे वा मध्येच न सोडणे, या साध्या गोष्टी आहेत. त्यांना खर्च जवळजवळ नाही, आणि त्यांचा परतावा मोठा आहे.

लेव्हेनहूक यांच्या व्हिनेगरला दातांवरचा मळ भेदता आला नाही, त्याला आता तीनशेचाळीसच्या वर वर्षे झाली. तटाच्या आत शिरण्याचे मार्ग माणूस तेव्हापासून शोधतो आहे. तट उभाच राहू नये, ही युक्ती मात्र कोणा माशीच्या मधात राहणाऱ्या यीस्टला फार पूर्वीपासून अवगत असावी. माठ रोजच्या रोज घासणाऱ्या घरच्या माणसांनाही ती ठाऊक होतीच. बुळबुळ जमण्याची वाट पाहत त्या कधी बसल्या नाहीत.